रुमालाखालचा आकडा

रंगनाथ आबांनी पहिल्यांदा माझा हात धरला तेव्हा मी त्यांच्या दंडाला रबरी नळी बांधून शीर शोधत होते. आबांना धाप एवढी लागलेली, की तीन उशांना टेकून बसूनही ते शर्यत पळून आल्यासारखे श्वास घेत होते. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. अशा माणसानं डोळे मिटून गुमान पडावं. पण यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर पसरला आणि रुमालाखाली माझी दोन बोटं घट्ट धरून विचारलं, "एवढ्यात जमतं का?"

मला वाटलं, म्हातारा वातात गेला. विचारलं, "काय जमतं?"

"दोन बाटल्या. तू चार आणल्यात. मी पाह्यलं."

"आबा, हा दवाखाना आहे. बैलबाजार नाही."

"ते मला कळतं. पण बाजूच्या खाटावरच्याला कामून कळू द्यायचं, माझं किती रक्त गेलं ते?"

मी रुमाल बाजूला केला आणि चारच्या चार बाटल्या भरल्या. मी वळल्यावर आबा धापा टाकत बायकोला म्हणाले, "पोरगी ताठ हाये. उतरली न्हाई." त्यात तक्रार नव्हती. मला वाटतं, कौतुकच होतं.

आबा टेंभुर्णीचे. जाफराबाद तालुक्यातल्या आणि आसपासच्या बाजारांत त्यांनी उभा जन्म बैलांची दलाली केली. ज्यांनी बैलबाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट धरलं की एक, पाची धरली की पाच, पाच धरून मग चार धरली की नऊ. शंभर का हजार, ते जनावराकडं पाहून दोघांना कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी तिसऱ्याला पत्ता लागत नाही. आबा म्हणायचे, "भाव तोंडातून निघाला की बाजाराचा झाला. हातात हाये तवर आपला."

आणि मी हसनाबादची. आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. घरात म्हणजे भावकी धरून. त्यानंतर औरंगाबादला लॅबचा डिप्लोमा केला. हे मी कुठंही सांगते, कारण पदवी काही कपाळावर दिसत नाही आणि न सांगितलं तर लोक मला नर्स समजतात. माझ्या आईला तर कितीतरी वर्षं वाटत होतं की मी जालन्याच्या दवाखान्यात रक्त विकते. "घेणारे कोण असतेत गं?" असं ती विचारायची.

दोन हजार सालानंतरची ती पाचसहा वर्षं. जालन्यातला तो खासगी दवाखाना, एक मोठा वॉर्ड, आणि वॉर्डाच्या टोकाला माझी लॅब. आबा आले आणि वॉर्डाचा गोठा झाला. म्हणजे घाण झाली असं नाही. आबा कोणाकडंही पाहायचे ते जनावर पारखल्यासारखं पाहायचे, आणि पाहिलं की बोलायचे. आमचे डॉक्टर पहिल्यांदा राउंडला आले तेव्हा आबांनी त्यांना पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. ते पुढच्या खाटेकडं गेल्यावर म्हणाले, "चाल झकास हाये. पण खांदा बारीक. जड गाडीला चालायचा न्हाई."

"आबा, ते एम.डी. आहेत," मी म्हटलं.

"आसतील की. सहादाती दिसतेत." बैलाचं वय दातांवरून सांगतात. सहादाती म्हणजे ऐन उमेदीतला. डॉक्टरांना मी हे शहाणपणानं कधी सांगितलं नाही.

छातीला वायरी लावून हृदयाचा आलेख काढतात ते मशीन आलं, तर त्याच्यावर शेरा आला, "ह्याला शेपट्या लई." स्वतःलाही ते सोडत नव्हते. "पाय सुजलेलं, धापलेलं जनावर मी दिवस बुडतानाच बाजारात काढायचो. उजेडात कोण घेतंय?"

"मग आबा, तुम्हाला कोण घेणार?"

"म्हनून तर आंधार पडल्यावर ॲडमिट झालो."

त्यांच्या खाटेशी खाली चटई टाकून कौसामाय बसायच्या. आबांची बायको. किरकोळ बांध्याच्या, पदर घट्ट, बोलणं कमी. मुलगा एकुलता एक, पुण्याकडं कंपनीत, त्यामुळं दवाखान्यात या दोघांचंच राज्य होतं. आबा दहा वाक्यं बोलले की कौसामाय एक बोलायच्या, आणि ते एक वाक्य आबांची दहाच्या दहा कापून टाकायचं.

तेव्हा आमच्याकडं एक नवी तपासणी सुरू झाली होती. हृदयावर ताण आला, ते ताणून फुगलं, की त्यातून एक पदार्थ रक्तात उतरतो. तो किती उतरला ते मोजायचं. धडधाकट माणसाचा आकडा शेकड्यांत असतो, आकडा मोठा तर हृदय जास्त बेजार. उपचारानं खाली आला तर चांगलं लक्षण, वर चढला तर पुढचं अवघड. सोडियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन हे जुने गडी होतेच. डॉक्टर हे सगळे कागद खाटेवर ओळीनं मांडायचे आणि माणूस कोणीकडं चाललाय त्याचा अंदाज घ्यायचे. नवी तपासणी जालन्यात होत नव्हती. मी मशीनमध्ये रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचे, बर्फाच्या डब्यात घालून औरंगाबादला धाडायचे, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर आकडा यायचा.

डॉक्टरांना समजावून सांगायची हौस फार. त्यांनी आबांना चित्र काढून सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे फेस."

"कसला फेस?"

"बैलाला ताकदीबाहेर ओढाय लावलं की तोंडाला फेस येतो. तुमी तो फेस मोजून राह्यले."

डॉक्टरांना हे एवढं आवडलं की त्यांनी पुढं सगळ्याच पेशंटांना फेसावरून समजवायला सुरुवात केली. शहरातल्या एका वकिलांना त्यांनी सांगितलं, "तुमच्या हृदयाला फेस आलाय," तर वकीलसाहेब उठून दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. इकडं आबांची गाडी मात्र पुढं निघाली होती. "फेस हाये तर पुसून टाका. बाटलीत भरून औरंगाबादला कामून धाडता? तिथं काय पाह्यला न्हाई का कोनी फेस?"

डॉक्टर हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, "आबा, हा आकडा उतरला तर तुम्हाला घरी सोडतो. चढला तर आपल्याकडं ठेवून भागायचं नाही. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल."

औरंगाबाद म्हटल्यावर आबांचा चेहरा उतरला. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "पोरी, आमच्या गल्लीतून जे जे औरंगाबादला गेल्ते, ते समदे जीपमधी आडवे आले. मी उभ्यानं आल्तो, उभ्यानंच जानार. तू फक्त आकडा संभाळ."

दुसऱ्या दिवशी फोन आला. नऊ हजार. मी खाटेशी जाऊन "आबा, तुमचा आकडा" एवढं म्हणते तोच माझ्या हातावर रुमाल पडला.

"तोंडानं न्हाई," आबा दबक्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी मला रुमालाखाली बोटांची सगळी विद्या शिकवली. पाची बोटं, मग चार. बोलताना ते वर छताकडं पाहत होते, कारण सौदा करताना हाताकडं पाहायचं नसतं. "बैलबाजारात आजवर एकाबी बाईचा हात रुमालाखाली गेल्ता न्हाई. तू पह्यली."

मला उगीच भारी वाटलं. घरातली पहिली पदवीधर होतेच, आता हेही झालं.

चटईवरून कौसामाय म्हणाल्या, "पोरीचा हात सोडा. लोक काय म्हनतील?"

"लोकाला कळू नये म्हनून तर झाकलाय."

"तेच म्हनते मी."

मी पाची बोटं धरली, मग चार धरली. आबांनी डोळे बारीक केले. "हा तोंडचा भाव झाला. पह्यला भाव कोनी देतं का? सहा कर."

"आबा, हा आकडा मशीननं काढलाय."

"मंग मशीनच्या मालकाला फोन लाव. मी बोलतो."

"आबा, मी पदवीधर बाई आहे. मी कोणाच्या आकड्यात एक शून्यसुद्धा इकडचं तिकडं करणार नाही."

"एक शून्यच काढ म्हनून राह्यलो मी. जास्ती कुठं मागतो?"

डॉक्टरांनी पाणी उतरवायची औषधं वाढवली. आबा रात्रंदिवस मोरीकडं ये-जा करायला लागले. "पोटात मोटार बशिवली डाक्टरनं. ईर उपसून राह्यली," असं म्हणायचे. पायांची सूज ओसरली, धाप कमी झाली, आबा दोन उशांवर आले. पुन्हा रक्त गेलं, पुन्हा फोन आला. सहा हजार.

मी रुमालाखाली सहा सांगितले आणि आबा असे हसले की जणू बैलजोडी स्वस्तात मारून आणली. "मी सहाच म्हनलो व्हतो."

"आबा, हे गोळ्यांनी झालंय."

"गोळ्या तर बाजूवाल्याला बी हायेत. त्यानं कुठं भाव केला?"

बाजूच्या खाटेवर मंठ्याचे एक किराणा दुकानदार होते. त्यांनी हे ऐकलं, आणि संध्याकाळी मी त्यांच्या साखरेचा रिपोर्ट घेऊन गेले तर त्यांनी गुपचूप आपला टॉवेल पुढं केला. नंतर वॉर्डभर ती साथच पसरली. कोणाचा टॉवेल, कोणाचं धोतर, एकानं तर पायपुसणं काढलं. ते मात्र मी चालू दिलं नाही. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी एका सरपंचांच्या चादरीत कोपरापर्यंत हात घालून उभी होते.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"सर, रिपोर्ट देतेय."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "बरं," म्हणाले आणि पुढं गेले. असा डॉक्टर मिळायला नशीब लागतं.

आबा दोनतीन दिवसांत घरी जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यातच त्यांचं सोडियम कमी आलं. डॉक्टर राउंडला कागद पाहून म्हणाले, "सोडियम घटलंय, म्हणजे रक्तातलं मीठ. पाणी आणखी कमी करू." आबांनी "मीठ" एवढं ऐकलं आणि गप्प झाले. आता मला माहीत आहे, आबा गप्प झाले की समजायचं, सौदा दुसरीकडं सुरू झाला. तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर नवल घडलं. दवाखान्याच्या अळणी खिचडीला आबा पहिल्या दिवसापासून नावं ठेवत होते. "हे म्हशीपुढं ठिवलं तर म्हैस दावं तोडंल." आता तीच खिचडी ते निमूट खायला लागले. कुरकुर नाही. तोंडावर समाधान. आणि गंमत अशी, की खिचडी गोड लागायला लागली तसे पाय पुन्हा सुजायला लागले. तहान वाढली. वजन चढलं. आबा दोन उशांवरून पुन्हा तीनवर गेले. डॉक्टर औषधं वाढवत होते, आबा फुगत होते, आणि कोणाला काही कळत नव्हतं.

मी हिमोग्लोबिन सांगायला गेले. आबांचा रुमाल मांडीवर गोळा होऊन पडला होता. मी सवयीनं त्याच्याखाली हात घातला, तर बोटांना दगड लागला. खडबडीत आणि थोडा ओलसर. मी बाहेर काढला. खडेमिठाचा खडा. चांगला लिंबाएवढा, आणि एका बाजूनं चाटून चाटून गुळगुळीत झालेला.

"आबा, हे काय?"

"मीठ."

"कुठून आलं?"

आबा छताकडं पाहायला लागले. कौसामाय खिडकीकडं पाहायला लागल्या. शेवटी कौसामायच बोलल्या, "घरून आनवला. गव्हानीतला हाये. साफ हाये."

"गव्हाणीतला? बैलानं चाटलेला?"

"धुतलाय की."

मी खडा धरून उभी, आणि आबा मला समजावायला लागले. "डाक्टर काय म्हनले? मीठ कमी झालं. आता बैलाचं मीठ कमी झालं तर आमी काय करतो? आमी काय सलाईन लावत न्हाई. गव्हानीत खडा टाकतो. जनावर आपल्या मर्जीनं चाटतं, आठ दिसात आंगावर चमक येती. बिलकुल फरक पडतो."

"आबा, तुमच्या अंगावर चमक नाही आली. पाणी आलंय."

"येईल की. आठ दिस कुठं झाले?"

मग मी त्यांना ताकाचं सांगितलं. म्हटलं, "ताकात मीठ घातलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं, तर ताक अळणी लागतं. मीठ कुठं गेलं का? नाही. पाणी जास्त झालं. तुमच्या अंगात तसंच झालंय. जास्तीचं पाणी काढायचं सोडून तुम्ही वरून मीठ टाकताय. त्यानं तहान लागते, पाणी पोटात जातं, ते पाणी पुन्हा हृदयाला ओढावं लागतं."

आबांनी माझ्या हातातल्या खड्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "हे डाक्टरनं ताकावरून सांगितलं आसतं तर समजलं आसतं. त्यानं फेसावरून सांगितलं."

डॉक्टरांनी खडा हातात घेऊन पाहिला, कोटाच्या खिशात टाकला आणि मला म्हणाले, "सॅम्पल पाठवा. आजच."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. बारा हजार.

आबांची गंमत पाहायला वॉर्ड नेहमी तयार असायचा, पण त्या दिवशी मी लॅबमधून निघाले तर माझा चेहरा पाहून मंठ्याचे दुकानदारसुद्धा कूस बदलून भिंतीकडं वळले. आबांना बोलताना प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. त्यांनी रुमाल टाकला. मी पाच धरली, पुन्हा पाच धरली, मग दोन. त्यांनी माझी बोटं काही वेळ सोडली नाहीत. मग सोडली.

डॉक्टर आले आणि सरळच म्हणाले, "आकडा फार चढलाय. आता इथं ठेवणं बरोबर नाही. औरंगाबादला हलवा, आजच. मुलगा कधी येतोय?"

"निघालाय पुण्याहून," कौसामाय म्हणाल्या. "रातीपातुर येईल."

"तेवढा वेळ नाही. तुम्हालाच ठरवावं लागेल, आजी."

डॉक्टर गेले. कौसामाय चटईवरून उठल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खाटेवर, नवऱ्याच्या शेजारी बसल्या. "किती झाला?" त्यांनी विचारलं.

"भाव बरा हाये," आबा म्हणाले. "औरंगाबादचं काय काम न्हाई."

कौसामायनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तू सांग."

माझ्या जिभेवर आकडा आला होता. मी आबांकडं पाहिलं. म्हटलं, "कौसामाय, आकडा आबांचा आहे. तो त्यांनीच सांगावा. पण मी एवढं सांगते, भाव बरा नाही."

"चाळीस वरसं," कौसामाय नवऱ्याला म्हणाल्या, आणि वॉर्ड कान देऊन ऐकत होता तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. "चाळीस वरसं तुमी बैल घेतले, इकले. मी शेन काढलं, वैरन टाकली. एकाबी बैलाचा भाव तुमी मला सांगितला न्हाई. मी इचारला बी न्हाई, कारन बैल तुमचे व्हते. हे जनावर मपलं हाये. मला भाव पाह्यजे."

असं म्हणून त्यांनी रुमाल उचलला, आबांच्या हातावर टाकला आणि त्याच्याखाली आपला हात सरकवला.

आबा गडबडले. "आगं, तुला काय समजनार बोटं?"

"माझा बाप बी दलालच व्हता. मला परकरात आसतानाच बोटं येत व्हती. तुमी कधी इचारलं न्हाई."

त्या चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोनं चारचौघांत एकमेकांचा हात धरायची ती बहुतेक पहिलीच वेळ. आबांची मान खाली गेली होती. सौदा करताना हाताकडं पाहायचं नसतं हे ते विसरले, रुमालाकडंच पाहत राहिले. कौसामाय मात्र सरळ छताकडं पाहत होत्या, कसलेल्या दलालासारख्या. रुमाल हलत होता. काय दाबलं जातंय ते मला दिसत नव्हतं, कोणालाच दिसत नव्हतं. रुमाल त्यासाठीच असतो.

एकाएकी कौसामायचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात बाहेर काढला, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "गाडी बोलवा. जल्दी."

"आगं, पर..." आबा म्हणाले.

"सौदा तुटला. उठा."

आणि काय सांगू, आबा उठले. डॉक्टरांचं न ऐकणारा, मशीनच्या मालकाशी भाव करू पाहणारा माणूस मुकाट्यानं स्ट्रेचरवर बसला. आडवा झाला नाही, बसला. गाडीत घालताना माझ्याकडं वळून एवढंच म्हणाला, "पोरी, हिच्या बापाशी मी एकदा सौदा केल्ता. तिथंबी मीच बुडाल्तो."

तीन आठवड्यांनी औरंगाबादहून जीप आली ती आमच्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली, आणि आबा पुढच्या सीटवर ताठ बसले होते. तसंच बसून बाजारातून एक चक्कर मारून आले असं ड्रायव्हर सांगत होता. उगीच, लोकांनी पाहावं म्हणून.

त्यानंतर आबा महिन्या दोन महिन्यांनी तपासणीला यायचे. आकडे कधीच फार चांगले नव्हते. डॉक्टर कागद पाहायचे, आबांकडं पाहायचे, पुन्हा कागद पाहायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "या कागदांवरून मी सांगितलं असतं, की हे पावसाळा काढणार नाहीत." मी आबांना तसं नाही, थोडं गोड करून सांगितलं. आबा म्हणाले, "कागदावरचा बैल आन् गोठ्यातला बैल, ह्यात फरक ऱ्हातो. कागद तुमचा, गोठा हिचा." आणि कौसामायकडं बोट दाखवलं.

त्या दिवसांत माझ्या लग्नाचं चाललं होतं. आबांना मुलाचा फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि परत दिला. "फोटूत चाल दिसत न्हाई. चालवून बघ." मी शिकलेली बाई, पण ते डोक्यात बसलं. मुलगा भेटायला आला तेव्हा रिक्षा न करता त्याला स्टेशनपासून बसस्टँडपर्यंत भर उन्हात चालवत नेला. धापला नाही, कुरकुरला नाही, वाटेत माझी पिशवी मागून घेतली. लग्न झालं. अजून चाल बरी आहे.

आबा तीन पावसाळे काढून गेले. मला कळलं ते कौसामायकडूनच. त्या स्वतःची साखर तपासायला आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि मी "आबा कसे आहेत" विचारलं तेव्हा साधंच म्हणाल्या, "गेले. महिना झाला. सकाळी चहा मागितला, मी आदन ठिवून आले तर गेल्ते. बसल्या बसल्या. आडवे झाले न्हाईत."

मी हातातली सुई खाली ठेवली. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "बाई, आता तर सांगशील. त्या दिशी खरा किती व्हता?"

आता कोणाचं गुपित राहिलं होतं? मी म्हटलं, "बारा हजार."

कौसामाय माझ्याकडं पाहतच राहिल्या. "बारा?"

"बारा. मी स्वतः सांगितला आबांना. पाच, पाच आणि दोन."

"मला अठरा सांगितला," त्या म्हणाल्या.

आणि मग कौसामायना हसू फुटलं. महिन्यापूर्वी नवरा गेलेली बाई, पण हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. मलाही राहवलं नाही. बाहेर बाकावरचे पेशंट डोकावून पाहायला लागले.

"बायकोला बी सहा चढवून," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आन् मी त्या अठराला भ्याले ना. घरातलं मीठ कुलपात ठिवलं. पानी मोजून देल्लं, एका तांब्याच्या वर न्हाई. रोज सकाळी आडत दुकानाच्या काट्यावर बशिवलं, जवारीच्या पोत्याशेजारी, वजन चढलं का पाहायला. दुकानदार म्हनायचा, मावशी, हा माल इकायचा हाये का? रात्री धाप लागली तर उशा लावून मी पाठीला पाठ लावून बसायचे. बारा म्हनले आसते तर म्या येवढं केलं आसतं का? म्हनले आसते, व्हईल बरं."

"आबांनी मुद्दाम सांगितलं असेल?" मी विचारलं. "तुम्ही जपावं म्हणून?"

कौसामायनी विचार केला. बराच केला.

"काय की माय," त्या म्हणाल्या. "बोटं बराबर अठराच व्हती. खोड का मतलब, ते बोटावरून कुठं कळतंय?"

मग त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि हात माझ्यापुढं लांब केला.